मागच्या खोलीची लाइन

भिंगरी मिस्त्रीला निवांत बसलेलं पाहिलंय, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस त्या गल्लीत शोधून सापडला नसता. चहा तो उभ्यानं प्यायचा. जेवताना मध्येच उठून पंखा कमी-जास्त करून यायचा. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, की थोड्याच वेळात त्याची नजर त्या घरातल्या बटणांवरून फिरायला लागायची, आणि "हे जरा सैल वाटतंय," म्हणता म्हणता खिशातून टेस्टर बाहेर आलेला असायचा. लहानपणी आई वैतागून म्हणायची, "या कार्ट्याच्या पायाला भिंगरी लागलीय." तेच नाव चिकटलं. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं.

शाळेत तो रमला नाही हे सांगायला नकोच. वडिलांनी ओळखीनं कापडाच्या कारखान्यात दुरुस्ती खात्यात लावून दिला, आणि तिथे मात्र त्याच्या पायांचं चीज झालं. या टोकाची मोटर बंद पडली, त्या टोकाचा फ्यूज उडाला. दिवसभर नुसती पळापळ. त्याच कारखान्याच्या शिवण खात्यात एक मुलगी होती. सकाळी मशीनवर बसली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान वर करायची नाही. तिच्या मशीनची मोटर सारखी गरम व्हायची, निदान मिस्त्रीचं म्हणणं तरी तसं होतं. एकदा तीच म्हणाली, "मोटर बरी आहे हो. तुम्हाला काय बोलायचंय ते बोलून टाका." लग्न झालं. एकाला बसवत नाही आणि दुसरीला उठायला सवड नाही, असा तो संसार. मूलबाळ झालं नाही. पुढे कारखाना बंद पडला. तो लोकांच्या घरांची वायरिंगची कामं घेऊ लागला, ती घरी शिवायला लागली.

घर म्हणजे पुढे दोन खोल्या, मध्ये अंगण, अंगणात तिनं लावलेलं लिंबाचं झाड आणि पलीकडे एक सुटी खोली. ती मागची खोली तिची. दोन शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल, इस्त्री, भिंतीला खिळ्यांवर लटकवलेले कागदी साचे. त्या खोलीला वीज होती ती स्वयंपाकघराच्या बोर्डातून ओढलेल्या एका बारीक वायरीवर. वायर भिंतीच्या कडेनं, मग झाडाच्या फांदीवरून, मग खिडकीतून आत गेली होती. तिनं घरी शिवणकाम सुरू केलं तेव्हा मिस्त्रीनं ती "तात्पुरती" टाकली होती. इस्त्री लावली की ट्यूब मिचमिचायची. ती ओरडायची, "अहो, लोकांच्या घरी दिवाळी असल्यासारखे दिवे लावत फिरता, इथे मला सुईचं नेढं दिसत नाही!"

"उद्या करतो," मिस्त्री दारातूनच म्हणायचा, आणि निघालेला असायचा.

मग तिला खोकला लागला. आधी औषधाच्या दुकानातल्या गोळ्या, मग दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल. फुप्फुसं आतून निबर होत चालली आहेत, असं निदान निघालं. ती खाटेवर, आणि मिस्त्री वॉर्डात येरझाऱ्या घालतोय. तिच्या उशाजवळचं एक सॉकेट हलत होतं, ते त्यानं नाण्याच्या कडेनं पिळून घट्ट केलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या खाटेजवळचं. तिसऱ्याला हात घालताना नर्सनं पकडलं. "काका, तुम्ही पेशंटचे नातेवाईक आहात की आमचे कर्मचारी? बाहेर जाऊन बसा बघू."

"बसायचं सोडून काहीही सांगा त्यांना," खाटेवरून बायको म्हणाली. हसताना तिला धाप लागली आणि नर्सनं ऑक्सिजनचा मास्क पुन्हा तिच्या तोंडावर लावला.

डॉक्टरांनी घरी सोडायच्या आधी नीट समजावलं. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन भाड्यानं मिळतं, ते घरी आणायचं, नळी नाकाला लावलेली राहील. जवळपास दिवसभर. कापड कापायची धूळ नको, टाके घालायला, काजं-बटणं करायला हरकत नाही. मिस्त्रीनं पुढच्या खोलीतला पलंग खिडकीजवळ सरकवून, सॉकेट तपासून सगळी तयारी केली आणि मोठ्या उत्साहानं हॉस्पिटलात तिला सांगायला गेला.

ती म्हणाली, "मला पुढच्या खोलीत झोपवू नका."

"का? हवेशीर आहे."

"त्या पलंगावर एकदा आडवी झाले की उठायची नाही मी. ते हवेचं मशीन मागच्या खोलीत लावा. मी तिथे बसेन."

"अगं, त्या खोलीची लाइन..."

"माहितीय मला त्या खोलीची लाइन," ती म्हणाली. "तुम्हीच टाकलीय."

मिस्त्री तिथून निघाला तो सायकल घरी लावेपर्यंत स्वतःशीच बोलत होता. त्या बारीक वायरीवर मशीन लावणं म्हणजे जिवाशी खेळ. इस्त्री तापली की व्होल्टेज पडणार, व्होल्टेज पडलं की मशीन शिट्या मारून बंद होणार. मीटरपासून जाड वायर स्वतंत्र न्यायची, अंगणाखालून पाइपातून, आणि मागच्या खोलीत वेगळा छोटा बोर्ड बसवायचा, स्वतःचे स्विच असलेला. दुसरा इलाज नव्हता. दोन दिवसांनी ती घरी येणार होती.

मदतीला माणूस सांगून, तो येईपर्यंत वाट बघणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पहार घेऊन त्यानं एकट्यानं अंगण खोदायला घेतलं. भिंतीपासून सरळ रेषेत खोदत तो झाडापाशी आला आणि थबकला. पहारीच्या टोकाला मनगटाएवढं मूळ लागलं. हे झाड तिनं कुंडीतून जमिनीत आणलं होतं. कोवळं असताना उन्हाळ्यात त्याच्यावर जुनी चादर धरायची. ती हॉस्पिटलात असताना त्याच्या मुळावर पहार घालायला त्याचा हात होईना. त्यानं चर वळवला. झाडाला वळसा घालून पुन्हा रेषेवर आणला.

गिऱ्हाइकांना तो नेहमी बजावायचा, की पाइपाला वळणं मोजकीच द्यायची, वळण वाढलं तर मध्ये वायर हाताशी यायला झाकणाचा डबा ठेवायचा, नाहीतर वायर ओढताना नाकी नऊ येतात. आपल्या घरी मात्र तो म्हणाला, एवढ्यानं काय होतंय. दुकानातून आणलेले वळणाचे तुकडे कमी पडले, तेव्हा त्यानं सरळ पाइप स्वयंपाकघरातल्या गॅसवर शेकून गुडघ्यावर वाकवला. मग पाइप चिकटवायचं सोल्युशन लावून सांधे जोडले, आतून तार घालून पाहायची तेवढी राहिली, आणि संध्याकाळपर्यंत माती लोटून, पायानं दाबून मोकळा झाला. मोकळा कसला, त्या रात्री दोनदा उठून अंगण बघून आला.

ती येण्याच्या दिवशी सकाळी मेहुणी आली. बायकोची सगळ्यात लहान बहीण. तिच्या स्वतःच्या मुलांची लग्नं झाली होती, पण घराण्यात तिला अजून सगळे धाकटीच म्हणत. बहिणीसाठी घर आवरायला ती आली होती. भावोजींनी तिला आवरायला घेतलं.

"धाकटे, चहा नंतर. हे धर."

"हे काय?"

"तिन्ही वायरींची टोकं. लाल, काळी, हिरवी. मी मागच्या खोलीतून तार ओढतो, तू इकडून मीटरपाशी उभी राहून वायर पाइपात ढकलायची. मी 'हं' म्हटलं की ढकल."

"आणि 'हं' ऐकू आलं नाही तर?"

"माझं ऐकू आलं नाही असं आजवर झालंय का?"

बारीक पोलादी तार मुकाट्यानं आरपार गेली, तेव्हा मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. तिच्या टोकाला त्यानं तिन्ही वायरी बांधल्या, वर पट्टी गुंडाळली आणि मागच्या खोलीत जाऊन ओढायला लागला. "हं!" वायर सरकली. "हं!" पुन्हा सरकली. "हं!" आणि अडकली.

"ढकल ना!"

"ढकलतेच आहे! इथे माझ्या हाताची सालं निघाली!"

"पावडर लाव वायरीला!"

"कसली पावडर?"

"तोंडाला लावतेस ती!"

धाकटीनं पर्समधून आपली वासाची पावडर काढली आणि कुरकुरत वायरींवर शिंपडली. त्यानंतर वायर वीतभर पुढे आली आणि पुन्हा रुतली. मिस्त्रीनं घड्याळाकडे पाहिलं. हॉस्पिटलातून अजून फोन नव्हता. त्यानं दोन्ही पाय भिंतीला लावले, तार मनगटाला गुंडाळली आणि सगळं अंग मागे टाकलं. आत कुठेतरी खरवडल्यासारखा आवाज झाला, वायरी सुटल्या आणि मिस्त्री कापायच्या टेबलाखाली जाऊन आपटला.

"आली! आली!" तो आतून ओरडला.

"लागलं का हो?" धाकटी धावत आली.

तो मात्र तपासायचं मीटर काढून बसलाही होता. वायरीचं वरचं आवरण कुठे फाटलं असेल, तर ते मीटर सांगायचं. लाल आणि काळी जोडून हँडल फिरवलं, काटा जिथे जायला हवा तिथे गेला. मग लाल आणि हिरवी. काटा मध्येच लोळला. मिस्त्रीनं टोकं पुसली, पुन्हा फिरवलं. काटा पुन्हा लोळला.

"काय झालं?" धाकटीनं विचारलं.

"लाल सोलली गेलीय. आत कुठेतरी हिरवीला चिकटतेय."

"पण दिवा लागेल ना?"

"लागेल. कदाचित महिनाभर लागेल."

"मग जोडून टाका की आत्तापुरतं. ताई यायची वेळ झाली. नंतर सावकाश बघा."

 आत्तापुरतं म्हणजे त्याचंच 'तात्पुरतं'. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन तो नव्या बोर्डासमोर उभा राहिला. एक स्क्रू ढिला केला, परत आवळला. खोलीतून अंगणात गेला, अंगणातून मीटरपाशी, तिथून परत. जमीन ओली झाली, आतल्या सोललेल्या वायरीतून करंट गळायला लागला आणि नेमक्या त्याच वेळी तो घराबाहेर कुठेतरी शिडीवर असला, तर बोर्डाचा स्विच आपोआप पडणार आणि नळीतली हवा थांबणार. मग ती या खोलीत एकटी.  तो तिसऱ्यांदा मीटरकडे निघाला, तेवढ्यात दाराशी अँब्युलन्स येऊन थांबली.

फोन न करताच सोडलं होतं हॉस्पिटलवाल्यांनी. ड्रायव्हरनं तिला आधार देऊन उतरवलं, मागून छोटा सिलिंडर आणि भाड्याचं मशीन आणलं. "सिलिंडर दिवेलागणीपर्यंत पुरेल," तो म्हणाला, "तोवर मशीन सुरू करून घ्या."

अंगणातला पसारा, मातीनं भरलेला नवरा आणि पावडरीनं पांढरी झालेली बहीण पाहून तिनं विचारलं, "काय, लढाई चालली होती का?"

"तू आत चल. पुढच्या खोलीत थोडा वेळ. सॉकेट तयार आहे," मिस्त्री म्हणाला.

"मला खुर्ची द्या. मी इथे बसते."

"अगं, ऐक माझं. आजचा दिवस तिथे पड. उद्या..."

"उद्या म्हणू नका," ती म्हणाली. आवाज चढवण्याइतका श्वास तिच्याकडे नव्हता, म्हणून हळूच म्हणाली. धाकटी खुर्ची घेऊन आली. ती झाडाच्या सावलीत बसली, सिलिंडर पायाशी ठेवला. "आता सांगा, कुठे अडलं?"

मिस्त्रीनं सांगितलं. सांगताना तो अंगणातून पाइप कसा गेलाय ते चालून दाखवत होता. झाडापाशी त्यानं वळसा घातला तसा तिनं हात वर केला.

"इथे का वळलात?"

"मूळ आलं."

"मग?"

"मग काय. तुझं झाड."

तिनं मान वर करून झाडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "अहो, एका मुळानं झाड मरत नाही. दर वर्षी छाटते मी त्याला. विचारायचं तरी."

"तुला नाकाला नळी लावलेली. तुला झाडाचं काय विचारू?"

"झाडाचंच विचारायचं होतं. बाकी सगळे नळीचंच विचारतात." ती जरा थांबली, दम घेतला. "तोडा मूळ. सरळ जा."

मिस्त्री पहारीकडे धावलाच. अर्धं अंगण त्यानं पुन्हा उकरलं. यावेळी धाकटीही पदर खोचून घमेलं उचलू लागली. शेकून वाकवलेला पाइप वर आला तेव्हा सगळं कळलं. वाकवलं होतं तिथे तो चपटा झाला होता, पिचलेल्या केळ्यासारखा, आणि आतल्या बाजूला चुणीची धार आली होती. तिथूनच लाल वायर खरवडत गेली होती. आतल्या वायरी ओढून बाहेर काढून त्यानं तो तुकडा करवतीनं कापून फेकला. मुळावर करवत धरली, एकदा बायकोकडे पाहिलं.

"काय बघताय? दिवेलागणीला किती वेळ राहिला?"

त्यानं मूळ कापलं. सरळ पाइप टाकला आणि झाडाजवळ, वायर हाताशी राहावी म्हणून झाकणाचा एक डबा मध्ये बसवला. खराब लाल वायर काढून टाकली. नव्या गुंडाळीतली वायर उरली होती, म्हणून तेवढं निभावलं.

पुन्हा ओढायची वेळ आली. धाकटी मीटरपाशी, मिस्त्री मागच्या खोलीत. डब्यापाशी कुणीतरी हवं होतं.

"मी इथेच आहे की," बायको म्हणाली. तिनं खुर्ची डब्याला टेकवून घेतली, वाकली, आणि पहिल्या टप्प्यातून आलेल्या तिन्ही वायरी हातात घेतल्या. एक दुसरीवर चढणार नाही अशा त्या बोटांत वेगळ्या धरून पुढच्या पाइपात सोडू लागली. तिची बोटं हॉस्पिटलात बारीक झाली होती, पण कामाची सवय सुटली नव्हती.

"भावोजी, हं म्हणा ना!" तिकडून धाकटी ओरडली.

"थांब गं, घाई नको," मधून बायको म्हणाली. "अहो, आता ओढा. हळू. थांबा. हं, ओढा."

मिस्त्रीला आयुष्यात प्रथमच कुणीतरी हळू ओढायला लावत होतं. हात शिवशिवत होते, पाय आपोआप भिंतीकडे जात होते. पण तिचा आवाज आला की तो थांबायचा, पुन्हा आवाज आला की ओढायचा. वायरी सहज येत गेल्या. शेवटी पट्टी गुंडाळलेलं टोक पाइपातून बाहेर आलं, तेव्हा त्याला ते खरं वाटेना. त्यानं मीटर लावलं. लाल-काळी. लाल-हिरवी. काळी-हिरवी. काटा तिन्ही वेळा जिथे हवा तिथे जाऊन उभा राहिला. तरी त्यानं पुन्हा एकदा सगळं तपासलं, आणि त्यानंतर आणखी एकदा.

"झालं का?" अंगणातून हाक आली.

"होतंय!"

घराचा मुख्य स्विच बंद करून त्यानं मीटरकडची बाजू जोडली, मग मागच्या बोर्डात लाल स्विचखाली, काळी तिच्या पट्टीवर, हिरवी वेगळ्या पट्टीवर. स्क्रू आवळले, ओढून पाहिले, पुन्हा आवळले. मुख्य स्विच चालू केला. मागच्या खोलीत येऊन एकेक स्विच वर केला. ऑक्सिजनचं मशीन गुरगुरलं आणि एका लयीत चालायला लागलं. त्यानं मुद्दाम इस्त्री लावली. ट्यूब जराही मिचमिचली नाही.

धाकटीनं बहिणीला हात धरून आत आणलं, नळी बदलून दिली. ती आपल्या शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसली, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "इथे कुणाच्या लग्नाला गेल्यासारखा वास का येतोय?"

"माझी पावडर आहे ती, सगळा डबा संपवला यांनी," धाकटी म्हणाली, आणि तिघंही हसली. मिस्त्री हसता हसता पुढच्या खोलीत गेला, नळाखाली तोंड धरून उगाच बराच वेळ धूत राहिला.

त्यानंतर ती वर्ष-दोन वर्षं त्या खोलीत बसली. मोठी कामं बंद झाली, पण ब्लाऊजला हुक, शर्टाला काजं, उसवलेलं शिवणं, एवढं चालू राहिलं. मिस्त्रीनं लांबची कामं घेणं सोडलं. दर थोड्या वेळानं खोलीत यायचा, बोर्डाला हाताची पाठ लावून गरम आहे का बघायचा आणि जायचा. शेवटी ती कावली. "येताच आहात तर हे घ्या," म्हणून तिनं त्याच्या हातात सुई आणि हुकांची पुडी ठेवली. पहिला हुक उलटा लागला. दुसऱ्यात बोटाला भोसकलं. पण हात गुंतले, की पाय थोडे गप्प राहतात, हे त्याला त्या वयात कळलं. संध्याकाळच्या वेळी दार उघडं असलं, तर शेजारपाजारचे डोकावून जायचे: भिंगरी मिस्त्री खाली मांडी घालून हुक लावतोय. कुणी काही बोललं, की तो लगेच उठायचा.

तिची तब्येत मग एका थंडीत झपाट्यानं उतरली. शेवटचे दिवस तिनं त्या खोलीतच काढले, खाट तिथेच आणून. पुढच्या पलंगाचं नाव तिनं घेतलं नाही, त्यानंही काढलं नाही.

ती गेल्यावर तो घरात थांबेनासा झाला. सकाळी जो बाहेर पडायचा, तो अंधार पडल्यावरच यायचा. मिळेल ते काम घ्यायचा, न मिळालं तर लोकांच्या दारात उभा राहून बोलायचा. भाड्याचं मशीन न्यायला माणूस आला तेव्हाही तो घरी नव्हता. धाकटीनं ते दिलं. तिनंच पुढे किल्ली मागितली. म्हणाली, "भावोजी, खोली नुसती बंद राहून खराब होईल. मी शिवते तिथे. ओळखीच्या एक-दोन बायकाही येतील." मिस्त्रीनं किल्ली दिली आणि बरेच दिवस अंगणाच्या त्या बाजूला गेलाच नाही.

मग एकदा दुपारी धाकटीनं फोन केला. "नवीन मशीन घेतलंय, कडांना दोरा मारायचं. एक पॉइंट वाढवून हवाय. सवड असेल तेव्हा या. पुढच्या आठवड्यात आलात तरी चालेल."

मिस्त्री त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानात पंखा लावत होता. धाकटीनं फोन ठेवून चहाला आधण टाकलं, ते उकळायच्या आत अंगणात सायकल आदळल्याचा आवाज आला. तो मागच्या खोलीच्या दारात उभा, खांद्यावर हत्यारांची पिशवी, धापा टाकतोय.

"कुठे बसवायचंय मशीन?" त्यानं विचारलं.

"अहो, आधी चहा तरी घ्या. बसा."

"तू ओत, मी घेतो," तो म्हणाला, आणि भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायला लागला.